जे हलत नाही त्याला वायर

भिंतीवर चार स्क्रू मारून टांगलेला टीव्ही काही उद्या उठून आतल्या खोलीत जाणार नसतो. त्याच्या मागे विजेची वायर असते, सेट-टॉप बॉक्सची असते, स्पीकरची असते, ते सगळं भेंडोळं आपण वर्षानुवर्षं चालवून घेतो, फक्त इंटरनेट मात्र त्याला हवेतूनच पाहिजे. डेस्कटॉपचं तेच, प्रिंटरचं तेच, गेमिंग कन्सोलचं तेच. जागचे हलत नाहीत पण सगळे वायफायवर, आणि मग संध्याकाळी घर भरलं की आतून आवाज येतो, "कोण डाउनलोड करतंय रे?" कुणीच करत नसतं. (असतं कधीकधी.)

म्हणून मी घरात एक नियम केलाय, जे हलत नाही त्याला वायर. मोबाईल हलतो, त्याला हवा. लॅपटॉप अर्धवट हलतो, म्हणजे टेबलावर असला की वायर आणि मांडीवर असला की हवा. बाकी सगळ्यांना केबल. ऐकायला सोपं आहे पण पाळायला घेतलं की आधी राउटरचे पोर्ट संपतात, मग भिंती आडव्या येतात, मग आई आडवी येते, आणि तिचं ऐकावंच लागतं कारण पट्टी मारलेली भिंत रोज तिच्या डोळ्यांसमोर असणार, माझ्या नाही.

लोकांना वाटतं ज्या वस्तूला केबल टाकतोय तिचा स्पीड वाढावा म्हणून हा खटाटोप. तो वाढतोच, पण खरी गंमत दुसरीकडे आहे, टीव्हीला वायर दिली की फायदा मोबाईलचा होतो. वायफाय म्हणजे एका खोलीत दहा जण बसलेत आणि एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसून आपल्या पाळीची वाट बघायची, असा मामला. राउटरसुद्धा त्याच रांगेत. नवीन पिढीच्या वायफायने यातून काही पळवाटा काढल्यात, पण मूळ प्रकार तोच. आणि रांगेत सगळ्यात जास्त वेळ कोण खातं, तर सगळ्यात लांब बसलेला. सिग्नल कमजोर असला की यंत्र हळू दराने बोलतं, म्हणजे तेवढाच डेटा पाठवायला हवेतला जास्त वेळ घेतं, आणि तो वेळ राउटरच्या शेजारी पूर्ण सिग्नल घेऊन बसलेल्या माणसाच्या वाट्यातून जातो. दोन भिंतींपलीकडचा टीव्ही तासन्‌तास व्हिडिओ ओढत असतो, तो एकटा हवेतून काढला की बाकीच्यांना मोकळं होतं. त्यात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल धरून चालायचे ते तीनच, १, ६ आणि ११, आणि ते काही आपल्या एकट्याच्या मालकीचे नाहीत, शेजारपाजारचे सगळे राउटर तिथेच कोंबलेले असतात. आपली केबल मात्र आपलीच.

मजा म्हणजे वायरची ही विद्या मुळात हवेतूनच आलीय. हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या मंडळींनी १९७१ मध्ये अलोहानेट सुरू केलं, वेगवेगळ्या बेटांवरची टर्मिनल रेडिओने मुख्य कॉम्प्युटरला जोडायची, ज्याला बोलायचंय त्याने बोलावं, टक्कर झाली आणि पोच आली नाही तर थोडं थांबून पुन्हा पाठवावं. ते अभ्यासून बॉब मेटकाफने १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पार्क लॅबमध्ये ईथरनेटची, म्हणजे कॉम्प्युटर केबलने एकमेकांना जोडायच्या पद्धतीची, कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्जबरोबर ते उभं केलं, स्पीड होता सेकंदाला २.९४ मेगाबिट. पण त्यात प्रत्येकाची वेगळी वायर नव्हतीच, एकच कोॲक्स केबल सगळीकडून फिरवलेली आणि सगळी मशीन तिच्यावरच लटकलेली, म्हणजे रांग तीच, फक्त हवेच्या जागी तांबं. पुढे जी जाड केबल स्टँडर्ड झाली तिच्यावर दर अडीच मीटरला खूण असायची आणि नवीन मशीन जोडायचं तर त्या खुणेवर चालू केबलला भोक पाडून आतल्या तारेपर्यंत सुई पोचवायची, त्या कनेक्टरला व्हॅम्पायर टॅप म्हणायचे. मला जोडाजोडीची हौस आहे, पण एवढी नाही.

१९९० मध्ये टेन-बेस-टी आलं, म्हणजे आपली आजची पीळदार जोड्यांची केबल, प्रत्येक मशीनला आपापली. (तारा पिळायची युक्ती त्याहून खूप जुनी, ग्रॅहम बेलने टेलिफोनसाठी १८८१ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं.) त्याच वर्षी कल्पना नावाच्या अमेरिकन कंपनीने, विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक, सात पोर्टचा ईथरनेट स्विच आणला. आधीचे हब जे येईल ते सगळ्या पोर्टना ऐकवायचे, स्विच कोणतं मशीन कोणत्या पोर्टवर आहे ते लक्षात ठेवतो आणि ज्याचं त्यालाच देतो. पुढे डेटाचं येणं आणि जाणंही एकाच वेळी व्हायला लागलं. तिथे वायरवरची रांग मोडली. वायफाय अजून रांगेत उभं आहे, त्यात त्याचा दोष नाही, हवा काही प्रत्येकाला वेगळी ओढून देता येत नाही.

तर, पोर्ट. राउटरला मागे साधारण चार लॅन पोर्ट, म्हणजे घरातल्या वस्तूंच्या केबली घालायची भोकं, असतात, काहींना तर दोनच देतात आणि वर स्लिम डिझाइन म्हणून मिरवतात. ते संपले की लोक पहिल्यांदा शोधतात तो छोटा वाय आकाराचा स्प्लिटर. नका घेऊ. तो फक्त केबलमधल्या आठ तारांचे चार-चार असे दोन वाटे करतो, दोन्ही टोकांना एकेक लावावा लागतो, राउटरचे पोर्ट शेवटी दोनच अडतात, आणि दोघांनाही १०० मेगाबिटच्या वर काही मिळत नाही. पोर्ट वाढवायचे तर स्विच. साधा, अनमॅनेज्ड, ॲप नाही, लॉगिन नाही, पासवर्ड नाही, लावला की चालू. हल्ली ज्या वस्तूसाठी अकाउंट उघडावं लागत नाही तिच्याबद्दल मला तसाही जिव्हाळा वाटतो. फक्त हिशोब नीट करायचा, राउटरचा एक आणि स्विचचा एक असे दोन पोर्ट एकमेकांना जोडण्यातच जातात, म्हणजे पाचवाला आणला तर प्रत्यक्षात वाढले तीनच. आठवाला घ्यावा. आणि डब्यावर गिगाबिट लिहिलंय ना ते बघावं, १०० मेगाबिटवाले अजूनही मिळतात आणि फोटोत सारखेच दिसतात.

माझ्या भावाने लगेच विचारलं, "स्विच लावला तर स्पीड वाटला जाईल ना?" अरे, बाहेरून येणारं इंटरनेट आधीही सगळ्यांत वाटलंच जात होतं, तेच आताही जातंय, स्विच त्यातलं काही खात नाही. उलट एकाच स्विचवरची दोन मशीन आपसात बोलतात तेव्हा, म्हणजे समजा कॉम्प्युटरवरून घरच्या स्टोरेज बॉक्सवर फोटो टाकतोय, तर तो डेटा राउटरपर्यंत जातच नाही, स्विचवरच्या स्विचवर उरकतो. राउटरकडे जाणारी एक केबल तेवढी सगळ्यांत सामाईक, पण ती गिगाबिटची आणि इंटरनेटचा प्लॅन त्याहून कमी असेल तर इंटरनेटला ती आडवी येत नाही. जुना राउटर माळ्यावर पडला असेल तर तोही स्विच म्हणून चालतो, त्याचा स्वतःचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) बदलायचा, डीएचसीपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना असे पत्ते वाटायचं काम, बंद करायचं आणि केबल बाहेरचं इंटरनेट येतं त्या वॅनच्या पोर्टात न घालता लॅनच्या पोर्टात घालायची. डीएचसीपी चालू राहिलं तर घरात पत्ते वाटणारे दोन होतात, आणि मग कुणाचं इंटरनेट चालतंय कुणाचं नाही याला काही ताळतंत्र राहत नाही.

स्विचच्या साधेपणाची दुसरी बाजू भाच्याने दाखवली. सुट्टीत आला होता, वय असं की मोकळं भोक दिसलं की त्यात काहीतरी खुपसायचंच. टेबलाखाली केबलचं लोंबणारं टोक दिसलं ते त्याने स्विचच्या रिकाम्या पोर्टात बसवलं, आणि त्या केबलचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं. सगळे दिवे एकदम फडफडायला लागले आणि घरातलं सगळं बंद, वायफायसकट. होतं असं की काही संदेश सगळ्यांसाठी असतात, स्विच ते सगळ्या पोर्टना पाठवतो, ते त्या केबलमधून फिरून परत स्विचमध्येच येतात, तो पुन्हा सगळ्यांना पाठवतो. इंटरनेटवर डेटाचे जे तुकडे फिरतात त्या आयपी पॅकेटवर किती टप्पे झाले की मरायचं याचा आकडा असतो, ते ज्या पाकिटात घालून केबलवर पाठवतात त्या ईथरनेटच्या फ्रेमवर तसलं काही नाही, ती अमर. याच्यावरचं औषध रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधलं, स्पॅनिंग ट्री, स्विच आपसात बोलून जास्तीचा रस्ता स्वतःच बंद करतात. पण ते बहुतेक मॅनेज्ड स्विचमध्येच असतं, आमच्यासारख्या साध्या डबीत नाही. केबल उपटली आणि थोड्या वेळात सगळं ताळ्यावर आलं. भाच्याला मी हे सगळं इतिहासासकट समजावून सांगितलं, तो शांतपणे म्हणाला, "मग मामा, पोर्ट मोकळे ठेवतोस कशाला?"

खरं काम मात्र भिंतीत असतं. स्विच लावणं म्हणजे पाच मिनिटांची करमणूक, केबल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणं म्हणजे घराशी वाटाघाटी. सगळ्यात आधी मोह होतो तो विजेच्या पाइपातूनच ओढून घ्यायचा, पाइप आहे, जागा आहे, स्प्रिंग घातली की झालं. ते करायचं नाही. डेटात गडबड होईल ते राहू दे, विजेच्या वायरीचं आवरण कुठे सोललं तर मेन लाइनचा करंट नेटवर्कच्या केबलवर चढू शकतो, आणि ती केबल आपण हाताने काढतो घालतो. वेगळा पाइप किंवा वेगळी पट्टी, विजेच्या लाइनपासून अंतर ठेवून, आणि ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात. वळणावर केबल मोडून दाबायची नाही, तिच्या जाडीच्या निदान चौपट त्रिज्येचा बाक ठेवायचा. अडकली म्हणून दात-ओठ खाऊन ओढायचीही नाही, चार जोड्यांच्या केबलला मान्य असलेली ओढ ११० न्यूटन, म्हणजे साधारण अकरा किलो वजन लटकवल्याएवढीच. त्याहून जोर लावला तर आतला पीळ सैल होतो, आणि त्या केबलची सगळी करामत त्या पिळातच आहे. प्रत्येक जोडीचा पीळ वेगळ्या मापाचा असतो, एका जोडीचा आवाज दुसरीत जाऊ नये म्हणून. एक ओढायची असेल तिथे दोन ओढा, मेहनत तेवढीच लागते. आणि पाइपात एक रिकामी दोरी ठेवून द्या, पुढच्या वेळी ओढायला.

केबल कुठली, तर कॅट-६ (कॅट म्हणजे केबलची प्रत) अंगात तांबं असलेली, विषय संपला. कॅट-५ईसुद्धा गिगाबिट १०० मीटरपर्यंत व्यवस्थित नेते आणि घरात १०० मीटर कुणाकडे असतात. कॅट-८ वगैरे लिहिलेल्या चपट्या चमकदार केबली दिसतात, पण खरी कॅट-८ डेटा सेंटरसाठी, तीसेक मीटरच्या आतल्या जोडणीची, तिचा आपल्या टीव्हीशी काही संबंध नाही. फसवणूक खरी कुठे होते तर सीसीए लिहिलेल्या केबलमध्ये, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. हातात घेतली की हलकी लागते, ब्लेडने तार खरवडली की आतून पांढरी निघते. वळवली की तुटते, रेझिस्टन्स जास्त, आणि त्याच केबलमधून वीज न्यायची म्हटलं तर तापते. भिंतीत एकदा गेलेली केबल कुणी बदलत नाही, तिथे कंजुषी नको.

मग केबलच्या टोकाला जॅक बसवताना आतल्या आठ तारांच्या रंगांचा क्रम. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा बी पॅटर्न, ए पॅटर्नमध्ये केशरी आणि हिरव्याची अदलाबदल, दोन्ही चालतात, फक्त दोन्ही टोकांना एकच पाहिजे. आता हिरव्या जोडीमध्ये निळी जोडी का घुसवलीय असं कुणालाही वाटतं, आणि काही लोक सरळ रंगांच्या ओळीने जोडून मोकळे होतात, दोन्ही टोकांना सारखंच केलंय ना मग काय बिघडलं. बिघडतं. तिसरी आणि सहावी तार ही एका सिग्नलची जोडी, ती एकमेकींशी पिळलेलीच पाहिजे, ओळीने जोडलं की तिसऱ्या तारेला जोडीदार म्हणून दुसऱ्याच पिळातली तार मिळते. आणि साधा टेस्टर यात काहीच पकडत नाही, एक ते आठ दिवे क्रमाने लागतात, सगळं हिरवं, पण प्रत्यक्षात एरर येत राहतात. पीळ उलगडायचा तोही जॅकच्या अगदी जवळ, १३ मिलिमीटरच्या आत. बाबांना हे काम फार आवडलं, चष्मा कपाळावर चढवून एकेक तार सरळ करत बसायचे, माझ्यापेक्षा त्यांचे जॅक जास्त नीट निघाले.

आतल्या खोलीत एक केबल आधीपासून होती, आम्ही घर घेतलं त्याच्याही आधीची. आयतीच मिळाली म्हणून वापरायला घेतली, चालली, व्हिडिओ बिनतक्रार. पण स्टोरेज बॉक्सवर फाइल टाकली की कॉपी सेकंदाला ११ मेगाबाइटवर जाऊन बसायची, कमी नाही जास्त नाही. हा आकडा ओळखीचा करून ठेवा. आठ बिटचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिटला आठने भागलं की साडेबारा, त्यातून वरखर्च गेला की अकराच्या आसपास. गिगाबिटवर तोच आकडा ११० च्या आसपास पाहिजे. सॉकेट उघडला तर आठपैकी चारच तारा जोडलेल्या, उरलेल्या चार मागे गुंडाळून ठेवलेल्या. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात, आणि कमी मिळाल्या की दोन्हीकडची यंत्रं आपसात समजूत करून खालच्या स्पीडवर येतात, कुणाला काही न सांगता. ज्याने जोडली असेल त्याच्या काळात ते पुरेसं असेलही. उरलेल्या तारा जोडल्या आणि झालं. मला वायरचं हेच आवडतं, बिघाड असला तर तो कुठेतरी असतो, बोट ठेवता येतं. वायफाय हळू झालं की आपण नुसता राउटर बंद-चालू करतो आणि नशीब म्हणतो.

या सगळ्यात ज्याचा विचार मी आधी केला नव्हता आणि जो सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेला तो म्हणजे सॉकेट कुठे बसवायचे. केबल ओढायला घेतली की ठरवावं लागतं की या खोलीत टेबल कुठल्या भिंतीला असणार. आज कुठे आहे ते नाही, दहा वर्षांनी कुठे असेल. ताईच्या अभ्यासाची खोली ती लग्न होऊन गेल्यावर बाबांची झाली, त्यांना खिडकीकडे तोंड करून बसायचं असतं, ताईला पाठ करून बसायचं असायचं. त्या खोलीत मी खिडकीखाली सॉकेट दिला. आईला विचारलं तुझ्यासाठी कुठे देऊ, तर म्हणाली मला कशाला, मी कुठे एका जागी बसते. खरं आहे, घरात सगळ्यात जास्त हलणारी तीच, माझ्या नियमाने ती हवेतली. पण मग आठवलं की दुपारी ताईशी व्हिडिओ कॉल ती नेहमी एकाच खुर्चीत बसून करते, आणि चित्र अडकतं ते तिथेच.

त्यावर उत्तर सॉकेट नव्हतं, कारण मोबाईलला कोण केबल लावणार. तिथे छताला एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून इंटरनेट घेऊन तिथे वायफाय देणारा डबा, बसवला आणि वायर त्याला दिली. वायफाय पुढे ढकलणारा रिपीटर किंवा बिनवायरीचा मेश बॉक्स ठेवला असता तर त्याने राउटरकडून हवेतून घेतलं असतं आणि मोबाईलला हवेतूनच दिलं असतं, म्हणजे एकाच डेटाला हवा दोनदा खर्च (जास्तीचा वेगळा बँड असलेले मेश यात जरा बरे). केबल दिली की मागचा प्रवास तांब्यातून, पुढचे दोन मीटर फक्त हवेतून. छताजवळ प्लग नव्हता, पण त्याची गरजही लागली नाही, वीज त्याच नेटवर्क केबलमधून जाते, पीओई म्हणतात, पहिलं स्टँडर्ड २००३ चं, १५.४ वॅटचं, छोट्या ॲक्सेस पॉइंटला तेवढं पुरतं. आईचा कॉल आता अडकत नाही. तिच्या मते ताईने फोन बदलला म्हणून.

ज्यांना भिंतीला हातच लावता येत नाही त्यांच्यासाठी विजेच्या वायरिंगमधूनच डेटा नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर असतात, त्यांचं काही खरं नसतं, एका प्लगवर छान आणि शेजारच्या प्लगवर रडारड, वायरिंग जुनं असलं की आणखीच. खोल्यांमध्ये टीव्हीची कोॲक्स केबल आधीच फिरलेली असेल आणि ती मोकळी असेल तर मोका नावाचे अडॅप्टर त्याहून खूप बरे. दरवाजाच्या फटीतून चपटी केबल सरकवणं हाही एक मार्ग आहे आणि मी त्याला हसणार नाही.

आता राहिलीय मागच्या अंगाची वेगळी बांधलेली खोली, भावाला तिथे बसून काम करायचंय. तिकडे मी तांबं नेणार नाही. दोन बांधकामांचं अर्थिंग वेगळं असलं की त्यांच्यात व्होल्टेजचा फरक असू शकतो, आणि जवळपास वीज पडली तर बाहेरून गेलेली तांब्याची केबल तो झटका घेऊन दोन्हीकडच्या मशीनपर्यंत येते. फायबर टाकायची, म्हणजे प्रकाशाने डेटा नेणारी केबल, बाहेरचं आवरण असलेली, आत धातूची तार नसलेली, दोन्ही टोकांना तिला ईथरनेटशी जोडणारा एकेक कन्व्हर्टर. भाऊ म्हणतो तोपर्यंत वायफाय चालेल. मी म्हटलं तू तिथे आठ तास बसणार ना, मग तू हलत नाहीस. भोक कुठल्या भिंतीला पाडायचं यावर आईशी बोलणी चालू आहेत.